धन्याची हाळी
"ह्यात समद्यात मोठा आवाज कुठल्याचा?" काउंटरवर मांडलेल्या स्पीकरांकडे बोट दाखवत ठकूबाईनं विचारलं.

दुकानाबाहेर रस्त्याकडेला तिची दीडशे मेंढरं थांबली होती. दिवाळी सरली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, हे दरसालचं. पण यंदा तिच्या धन्याचा, नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये, आणि मेंढरं तर त्याच्याच हाळीनं हलायची. म्हणून त्यानं खाटेवर पडल्या पडल्या हाळ्या दिल्या आणि पुतण्यानं त्या मोबाइलवर घेऊन कार्डात भरल्या. आता फक्त स्वस्तातला, वाटेत टिकेल असा स्पीकर हवा होता.

दुकानदारानं मोठ्यात मोठा स्पीकर दारात ठेवला, कार्ड घातलं. "हुर्रर्र, हो हो हो!" धन्याचा आवाज अख्ख्या बाजारात घुमला. एकाही मेंढरानं कान हलवला नाही. दुकानदारानं आवाज आणखी वाढवला. मेंढरं ढिम्म.

"मेल्यांनो, धन्याला वळखत न्हाई व्हय?" ठकूबाईचं डोकं फिरलं. पदर खोचून ती पायरीवर आली आणि तिनं स्वतःच हाळी दिली. "हुर्रर्र, हो हो हो!"

दीडशे माना एकदम वर झाल्या. पुढची मेंढी तर थेट पायरीपाशी येऊन उभी राहिली. ठकूबाई बघतच राहिली.

"म्हणजे स्पीकर नको ना आता?" दुकानदार हिरमुसून खोका आवरू लागला.

"नको कसा? ल्हानातला द्या." ती स्पीकरमधलं कार्ड काढून पदराला पुसत म्हणाली, "वाटंत मला एकटीला ऐकू आलं, बास झालं."