दोन रेघा

कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर तिने फोटो उघडला. वॉशिंग मशीनच्या पायाशी पाना होता, पाना धरलेला बाबांचा हात होता, आणि तो हात हललेला होता. सकाळी फोनच्या इवल्याशा काचेवर हे कळलंच नव्हतं. बाबा तर फोटो झाल्यावर गुडघा धरत उठले आणि म्हणाले होते, "चला, आजची हजेरी लागली."

फोटोंवरून माहितीपुस्तकांसाठी रेघांची चित्रं करणं हे तिचं काम. फोटोतले डाग, पोपडे, सावल्या वगळायच्या, कामापुरत्या रेघा ठेवायच्या. पुस्तक मिक्सरचं असो, इस्त्रीचं असो की पंपाचं, त्यातला हात मात्र बाबांचाच. "घरोघरी पोचलोय मी," ते पाहुण्यांना सांगत, "फक्त मनगटापर्यंत."

तिने फोटो आपोआप रेघा काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली केला. त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्याने थरथरीची प्रत्येक कड इमानेइतबारे गिरवली. पडद्यावर तीन अंगठे आणि एकमेकांत गुंतलेली कितीतरी बोटं उमटली.

"कुठवर आलं?" चहाचा कप घेऊन बाबा दारात उभे होते. कप अर्धाच होता. हल्ली ती तो अर्धाच भरायची, आणि त्यावर घरात कुणी काही बोलत नसे.

"थांबा जरा, होतच आलंय," म्हणत तिने घाईघाईने ते चित्र मिटवलं. दाढी त्यांनी केव्हाच न्हाव्याकडे सोपवली होती. पाहुण्यांसमोर जेवायला बसणंही टाळू लागले होते. हे चित्र पाहिलं तर हा हातसुद्धा ते पुन्हा पुढे करणार नाहीत, याची तिला भीती वाटत होती.

बाबा बाहेर गेल्यावर तिने फोटो पुसट करून खाली ठेवला आणि त्यावरून स्वतः रेघ ओढायला घेतली. एकेक बिंदू टाकायचा, रेघ हवी तशी वळवायची. जिथे फोटो फसवत होता तिथे आठवणीने काम भागवलं. ते जाड पेर, ते चपटं नख तिला पाठ होतं. याच हाताने तिला बुटाची नाडी बांधायला शिकवलं होतं.

मग तिने हाक मारली. बाबा स्टूल ओढून बसले.

"फोटो मोठा केला की फुटतो," ती म्हणाली. "ही रेघ बघा, कितीही मोठी करा, तशीच राहते." तिने हात पडदाभर मोठा करून दाखवला. पाना घट्ट धरलेला, ठाम हात.

बाबांनी तो बराच वेळ पाहिला. मग शेजारच्या चित्राकडे वळले. त्यात अख्खं मशीन होतं, आणि दोन्ही अंगांना एकेक बारीक, वाकडी रेघ.

"या कशाला?"

"मशीन हलतंय हे दाखवायला. पाय घट्ट करायच्या आधीचं आहे ते."

"अस्सं."

त्यांनी बोट पडद्याकडे नेलं, आपल्या चित्रातल्या मनगटापाशी. बोट एका जागी ठरत नव्हतं. त्यांनी ते लपवलंही नाही.

"मग इथल्या दोन रेघा राहिल्या की."

"बाबा, मी..."

"काढ गं. पुस्तकात नको देऊस, मशीनवाले ओरडतील. आपल्यापुरत्या काढ."

तिने काढल्या. मनगटाच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. डोळे भरून आल्यामुळे दुसरी जरा तिरकी गेली, पण तिने ती तशीच ठेवली.

"आता माझा वाटतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी रिकामा कप तिच्यापुढे धरला. "आणि हा भरून आण. काठोकाठ. सांडला तर पुसू."