बाराशे गुरांचं गाणं

पडद्यावर सनी बार्लोने गिटार छातीशी धरली आणि हॉयटच्या हातातला वेल्माचा हात अलगद सुटला.

तिने तो मुद्दाम काढून घेतला नव्हता. गाणं सुरू झालं तसा तो आपोआप तिच्या स्वतःच्या गळ्याशी गेला होता. हॉयटने तिरक्या नजरेने पाहिलं. अंधारात बायकोचे ओठ हलत होते. शब्दन्‌शब्द पाठ! तिच्या मांडीवरची तीन वर्षांची डव्ही एवढा वेळ मक्याच्या लाह्या सांडत, बापाच्या गुडघ्याला लाथा मारत किरकिरत होती. तीही अंगठा तोंडात घालून गप्प झाली होती.

हॉयट अकरा वर्षं टेक्सासातल्या एकाच रँचवर गुरं राखत होता. त्याच्या टोपीच्या कडेला घामाची काळी रेघ होती आणि डाव्या हाताचं एक बोट दोरखंडात अडकून तुटलेलं होतं. पडद्यावरच्या गड्याची टोपी दुधासारखी पांढरी. मारामारीत पडली नाही, नदी ओलांडली तरी भिजली नाही. आणि सबंध सिनेमात गाय म्हणाल तर एक नव्हती.

बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं. ट्रकमध्ये बसल्याबरोबर त्याने तोंड उघडलं.

“सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून अकरा झाडल्या. मी मोजल्यात.”

“मोजत बसलास? मग गाणं कधी ऐकलंस?”

“आणि तो खडक? तीनदा त्याच खडकाला वळसा घातला. चोरांनी घातला, ह्यानेही घातला. गेल्या शनिवारच्या सिनेमातही तोच होता.”

“ठाऊक आहे. मला तर तो आता आपल्या अंगणातला वाटायला लागलाय.”

“दिसते गिटार एक आणि ऐकू येतात वाजवणारे आठ! एवढ्या उघड्या माळावर लपले कुठे होते?”

वेल्मा खुदकन हसली. ते हसू त्याला जास्तच झोंबलं.

“शेवटी पोरगी समोर उभी, आणि ह्या शहाण्याने मुका घेतला कुणाचा, तर घोड्याचा!”

“घेऊ दे ना. त्याआधी तिच्याकडे बघून गायला तरी.”

एवढ्यात डव्हीने भोकाड पसरलं. झोप डोळ्यांत मावत नव्हती आणि उकाडा झोपू देत नव्हता. हॉयटने हात पुढे केले. तिने मान फिरवली, आईच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि ओरडली, “तू नको! सनी पाहिजे!”

हॉयटने हात मागे घेतले. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, म्हणून त्याने चाक धरलं. गाडी मात्र सुरू केली नाही.

“चुकलंच तुझं,” तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. “असल्याच एखाद्याशी लग्न करायला हवं होतंस.”

वेल्मा पोरीच्या घामेजल्या केसांवर फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, “आपल्या लग्नानंतरची ती गुरं गोळा करायची मोहीम आठवते? तुमचा आचारी आजारी पडला म्हणून मी आठवडाभर रांधायला आले होते.”

“त्याचं काय आता?”

“रात्री तुझा पहारा असायचा. तू घोड्यावरून कळपाभोवती फेऱ्या घालत गात होतास. मी स्वयंपाकाच्या गाडीत जागी. रोज.”

“ते काय गाणं होतं? ते काम आहे, वेल्मा. रात्री गुरं कशानेही बुजतात. काडी मोडली तरी उधळतात. माणसाचा आवाज सतत कानावर राहिला की त्यांना कळतं, आपलं माणूस आहे जवळ. मग पडून राहतात.”

“बाराशे गुरं होती,” वेल्मा म्हणाली. “एकेकीला गाऊन निजवलंस. आणि मी अंथरुणात पडून त्या गायींवर जळत होते.”

हॉयटने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“त्याला सहा वर्षं झाली,” ती म्हणाली. “मी कधी बुजतच नाही असं वाटलं का रे तुला?”

डव्हीचं रडणं आता हुंदक्यांवर आलं होतं. हॉयटने घसा खाकरला. बायको अशी समोरासमोर बघत असताना त्याला गाता येईना. त्याने झटक्यात दार उघडलं आणि तो खाली उतरला. आता हा रागावून चालता होणार असं वेल्माला वाटलं.

तो ट्रकच्या मागच्या बाजूला गेला. टोपी पुढे ओढली. मग घोडा चालतो तशा संथ चालीने त्याने ट्रकभोवती फेरी घालायला सुरुवात केली, आणि घोगऱ्या, जरा बेसूर आवाजात गाऊ लागला. ‘हळू गं बायांनो, हळू गं, पाणी लांब आहे, रात्र आपलीच आहे…’

थिएटरातून उशिरा निघालेली माणसं थबकून बघू लागली. “हॉयट, ऊन लागलं काय रे?” कुणीतरी ओरडलं. तो थांबला नाही. पहारेकऱ्याने मध्येच थांबायचं नसतं.

दुसऱ्या फेरीला त्याला दिसलं, वेल्माने काच खाली केली होती. तिसऱ्या फेरीला डव्हीचा अंगठा तोंडात होता आणि डोळे मिटले होते.

चौथ्या फेरीला तो खिडकीजवळून जरा सावकाश गेला. हे गाणं कुठल्याच सिनेमात नव्हतं. पोरीच्या केसांवर गाल टेकून बसलेल्या वेल्माचे ओठ हलत होते.