हरायची ड्यूटी

“शर्टाला इस्त्री कशाला? समाजसेवा करायची आहे, लग्न नाही,” नात म्हणाली.

“ड्यूटी ती ड्यूटी,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी कॉलरवरून आणखी एकदा इस्त्री फिरवली.

आयुष्यभर ते बसमध्ये कंडक्टर होते, म्हणजे उभे. निवृत्त झाल्यापासून घरात सगळे एकच सांगत, “तुम्ही बसा.” सून तर साधी मटारची शेंगही सोलू देत नसे. म्हणून नातीच्या कॉलेजात समाजसेवेचा विषय आला, प्रत्येकाने एका ज्येष्ठाला कामाला लावायचं ठरलं, नाहीतर नापास, तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत आजोबा हो म्हणाले. अट एकच.

“मला कुणी सांभाळायचं नाही. मी सांभाळणार.”

“अर्थात,” नात म्हणाली.

काम सोपं होतं. दर गुरुवारी दुपारी कॉलेजच्या मागच्या खोलीत एका एकट्या बाईंना सोबत करायची. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. आजोबा पोचायच्या आधीच त्या कॅरम मांडून बसलेल्या असत.

“या, या. जपून बसा हं,” त्या म्हणत. शाळेची सवय, दुसरं काय!

बाईंना जिंकू द्यायचं, हे आजोबांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. बिचारीला तेवढाच आनंद. पण हरणं भलतंच अवघड निघालं. बाईंचा नेम म्हणजे आनंदीआनंद. सोंगटी भोकाच्या तोंडाशी असली तरी स्ट्रायकर तिसरीकडेच. त्यांनी चुकावं, आजोबांनी त्याहून चुकावं. एकेक डाव महिनाभर रखडे.

“जमेल हळूहळू,” आजोबा धीर देत.

“जमेलच हो,” बाईही म्हणत.

“येरागबाळ्याचं काम नाही हे,” जेवताना आजोबा घरच्यांना ऐकवत. चाल ताठ झाली होती. मटारही आता तेच सोलत. सुनेची काय बिशाद!

वर्षाअखेरीस कॉलेजात कार्यक्रम झाला. प्राध्यापकांनी माइक हातात घेतला. “यंदाच्या सर्वोत्तम ज्येष्ठ स्वयंसेवकाचा मान...”

आजोबांनी कॉलर ठीक केली आणि नाव यायच्या आतच ते उभे राहिले. नात खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली.

“...आपल्या मुख्याध्यापिका बाईंना!”

टाळ्या थांबल्यावर बाई बोलल्या, “मी कॅरमची चॅम्पियन. पण इथे एका एकट्या आजोबांना जिंकवायचं होतं. वर्षभर नेम चुकवून माझा हात दुखून आला, तरी ते काही जिंकेनात. ते बघा, उभेच आहेत अजून. कुणीतरी जपून बसवा हो त्यांना.”