सुलट बाजू

चंपाचा फोटो साध्या कागदावर छापून आला तेव्हा लीलाबाईला आतून गार वाटलं. शाई कागदात मुरून फुटली होती. नाक गालात गेलेलं, डोळ्यांच्या जागी नुसते डाग.

"झ्याक आलाय," ती म्हणाली. "द्या गुंडाळून."

"ही न्हवं," हौशीराम म्हणाला. जत्रेत काढलेला तिकिटाएवढा जुना फोटो त्यानं पुन्हा डोळ्यांशी नेला.

चंपा त्याची पहिली बायको. लग्नाला वर्ष व्हायच्या आत गेली. तिच्या नावाचा, बाईची आकृती ठोकलेला चांदीचा टाक लीलाबाई हळद लागल्यापासून गळ्यात वागवत होती. सणाला पहिला घास तिला, नवं लुगडं आधी तिच्यापुढं. मेलेल्या सवतीचा मान तिनं कधी चुकवला नाही. टाकावरच्या बाईला तोंड असतं, पण ते कुणाचंही असतं. आता नवं घर बांधून झालं, आणि म्हाताऱ्याला चंपा भिंतीवर हवी झाली. मोठी. काचेत.

"साध्या कागदावर शाई पसरतेच, आबा," दुकानवाली शुभदा म्हणाली. वडगावच्या कचेरीसमोर तिचं दुकान. "फोटोचा चकचकीत कागद घालू. त्याला मात्र उलट-सुलट असतं हं." तिनं बोट जिभेला लावून कागदाच्या कोपऱ्यावर टेकवलं. "चिकटतं ती सुलट बाजू. शाई तिच्यावरच बसते. उलट्या बाजूवर नुसती तरंगते, वाळतच नाही."

कागद प्रिंटरमध्ये उभा करून ती कंप्युटरकडे वळली. हौशीराम जुना फोटो सदऱ्याला पुसत होता. लीलाबाईनं हात घातला आणि तव्यावरची भाकरी परतावी तसा कागद फिरवून ठेवला.

चंपा हळूहळू बाहेर आली. भांग, कपाळ, डोळे. हौशीरामला कुठला धीर! त्यानं अंगठा लावला आणि काजळ गालावरून हनुवटीपर्यंत ओघळलं.

"रडतीया," तो म्हणाला. उपरण्याच्या टोकानं टिपायला लागला, तसा चेहरा आणखीच फिसकटला. तरी त्याचा हात थांबेना.

लीलाबाई बघत राहिली. त्या घरात ती काय कमी रडली होती? उपरण्याचं टोक कधी तिच्या गालापर्यंत आलं नव्हतं.

"माजा बी काढ गं एक," ती फाडकन बोलली. "ह्याच कागदावर. एवढाच मोटा."

"तुजा?" म्हाताऱ्यानं मान वर केली. "तू हायेस की हितं. तुजा कशाला?"

शुभदा कागद उलटसुलट करत होती. "मी तर नीट लावला होता..."

लीलाबाईनं गठ्ठ्यातून नवा कागद ओढला, बोट जिभेला लावलं, कोपऱ्यावर टेकवलं. चिकटलं.

"ही बाजू. घाल. आन् चंपाचाच काढ."

या खेपेला चंपा लख्ख आली. विशीची. केसन् केस मोजून घ्यावा अशी. लीलाबाईनं आपल्या पांढऱ्या केसांवर पदर ओढला.

हौशीरामचा हात पुढं गेला. तिनं तो मनगटाशी धरला.

"हात लावू नगा. वली हाय अजून."