पत्र्यावरची तारीख

सासऱ्यांकडे लंबकाची अकरा जुनी जर्मन घड्याळं होती आणि नियम एकच: ज्यानं घड्याळ खोललं, त्यानं आतल्या पितळी पत्र्यावर सुईनं तारीख कोरायची. "त्यात लबाडी चालायची नाही," ते बजावत.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुनेनं हट्टानं एक घड्याळ स्वतः खोललं, पुसलं, जोडलं आणि तारीख कोरून भिंतीवर लावलं. सासऱ्यांनी कान देऊन टिकटिक ऐकली, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी, कधी नव्हे ते, मुलाला आणि सुनेला सिनेमाला पिटाळलं. पुढे येईल त्या पाहुण्याला सांगत सुटले, "सूनबाईच्या हाताला गुण आहे हो! पहिल्याच झटक्यात जमलं." त्या एका वाक्यावर तिची भीड चेपली. हळूहळू बाकीची दहाही घड्याळं तीच बघू लागली, मग लोकांचीही तिच्याकडे येऊ लागली.

सासरे गेले त्याला वर्ष झालं, तेव्हा कुठे ते पहिलं घड्याळ मागे पडू लागलं. पहिल्यांदा खोलल्यावर बारा वर्षांनी तिनं ते पुन्हा खोललं. पत्र्यावर तिची वेडीवाकडी तारीख होती. तिच्याखाली, भिंगातूनच दिसेल इतकी बारीक, सासऱ्यांच्या हातची आणखी एक तारीख होती. लगेच दुसऱ्या दिवशीची.

ती कितीतरी वेळ भिंग धरून बसली.

"काय गं, काय बिघडलंय?" नवऱ्यानं विचारलं.

तिनं डोळे पुसले आणि ती हसली. "अहो, बाबांनी आपल्याला त्या रटाळ सिनेमाला का पिटाळलं होतं, ते आज कळलं."