साखळी ओढणारा

बडनेऱ्यापुढे गाडी तासभर खोळंबली आणि नागपूरला शर्वरीची जबलपूरची गाडी चुकली. उद्या दहाला तिला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. पोचवायला निघालेल्या वडिलांना सामानापाशी बसवून ती तावातावाने भरपाई मागायला कार्यालयात शिरली.

“उशीर रेल्वेमुळे झाला असेल तर एक नियम, प्रवाशामुळे झाला असेल तर दुसरा,” म्हणत कारकुनाने नोंदी पाहिल्या. “तुमच्या गाडीची साखळी ओढली होती, मॅडम. भरपाई नाही मिळणार.”

“कुणी ओढली? मला नाव हवंय!”

त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. दंड भरणारा प्रवासी: प्रल्हाद गावंडे, वय एकसष्ट.

ते तिच्या वडिलांचं नाव होतं. तिचा डोळा लागत असताना ‘तोंड धुऊन येतो’ म्हणून ते उठले होते.

ती बाहेर आली. तिचा चेहरा पाहताच त्यांनी मान खाली घातली. “तुझी आई गेल्यापासून घरात बोलणारी तू एकटीच आहेस गं.”

ती त्यांच्याशेजारी बसली. मग म्हणाली, “संध्याकाळची गाडी सकाळी आठला पोचते. मी जाणार आहे, बाबा.”

त्यांनी तिची बॅग उचलली.