शाई न दिलेला भाऊ

पाण्याखालच्या शहराच्या चित्रकादंबरीत कथा नवऱ्याची होती, चित्रं केतकीची. प्रत्येक पानावरच्या गर्दीत ती गेल्या वर्षी बुडालेल्या आपल्या भावाला काढायची, पण नुसत्या पेन्सिलीने.

“त्याला शाई कधी देणार?” नवरा विचारायचा.

“शाई दिली की तो कायमचा तिथलाच होईल.”

रोज सकाळी भाऊ पानाच्या कडेकडे थोडा सरकलेला असायचा. शेवटच्या पानावर त्याची बोटं कडेला टेकली आणि कागद ओला झाला. केतकी टॉवेल आणायला धावली.

परतली, तर नवरा पानावरून खोडरबराचा भुगा झटकत होता. “पेन्सिल सगळी खोडली. आता पुरे कर गं.”

भुगा टॉवेलात गोळा करून ती ओलं डोकं पुसावं तशी पुसत राहिली. टॉवेल भिजून जड होत गेला.